चतुरंग सेना आणि शेवटचा बाक

गेल्या डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम येथे ताईच्या घरी तीन आठवडे राहून आलो. परिचारिका म्हणून ताई तिकडे गेली, त्याला आता वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. डिसेंबरात आपल्या मॉरिशसमध्ये लिचीचे घोस लागलेले असतात आणि मुले समुद्रावर असतात. तेथे मात्र दुपारी चार वाजताच अंधार पडतो. बाहेर थंडी आणि पाऊस असल्यामुळे घरात बसून राहण्यावाचून गत्यंतर नसते. अशाच एका संध्याकाळी आमच्या पंधरा वर्षांच्या भाच्याने विचारले, "मामा, लढाई खेळता का माझ्याशी?"

बुद्धिबळाचा पट निघेल अशी आमची समजूत होती. पण त्याने जेवणाच्या टेबलावर सहा फूट लांब आणि चार फूट रुंद फळी ठेवली, तिच्यावर हिरवे कापड अंथरले, थर्माकोलच्या टेकड्या मांडल्या आणि खोक्यांतून शेकडो चिमुकले पुतळे बाहेर काढले. प्रत्येक पुतळा बोटाच्या पेराएवढा. कोणी भालेकरी, कोणी घोडेस्वार, कोणी हिरव्या कातडीचा राक्षस. काही पुतळे मेहुण्यांच्या तरुणपणचे होते, काही भाच्याने स्वतः रंगविलेले होते. या खेळाचे नाव 'वॉरहॅमर'.

हा खेळ १९८३ साली जन्माला आला. ब्रायन अ‍ॅन्सेल, रिचर्ड हॅलिवेल आणि रिक प्रीस्टली या तिघांनी त्याचे नियम लिहिले आणि 'गेम्स वर्कशॉप' व 'सिटाडेल' या मंडळींनी तो बाजारात आणला. एका काल्पनिक जगातील माणसे, बुटके, ऑर्क, गॉब्लिन आणि भुतेखेते यांच्या सेना एकमेकींशी लढतात. २०१५ साली कंपनीने हा जुना खेळ बंद करून त्याच्या जागी दुसरा आणला. २०२४ च्या जानेवारीत 'द ओल्ड वर्ल्ड' या नावाने रांगा बांधून लढण्याची जुनी पद्धत पुन्हा सुरू झाली. ताईच्या घरी मात्र मेहुण्यांचे २००० सालचे, म्हणजे सहाव्या आवृत्तीचे, पुस्तकच अजून प्रमाण मानले जाते. आम्ही पुढे जे सांगणार आहोत ते त्याच पुस्तकाप्रमाणे.

वाचकहो, परदेशी मुलांच्या या खेळाशी आपला काय संबंध, असे आपणांस वाटेल. आम्हांलाही तसेच वाटले होते. पण मूळ शोधू गेलो तर वाट आपल्याच दाराशी येते. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सेनेची चार अंगे, म्हणून 'चतुरंग'. त्याच नावाच्या भारतीय खेळापासून बुद्धिबळ निर्माण झाले आणि इराणमार्गे ते युरोपात गेले. १७८० साली जर्मनीतील ब्रुन्सविक येथे हेलविग नावाच्या शिक्षकाने बुद्धिबळाचाच पट वाढवून, त्यावर नद्या, डोंगर आणि तोफा घालून, तरुणांना युद्धकला शिकविण्यासाठी खेळ तयार केला. १८२४ साली राइसविट्झ या प्रशियन अधिकाऱ्याने नकाशावरील खेळाचे नियम छापले. पुढे १९१३ साली एच. जी. वेल्स या लेखकाने खेळण्यातील सैनिक घेऊन जमिनीवर लढाया करण्याचे पुस्तक काढले. १९७१ साली अमेरिकेत 'चेनमेल' या नियमपुस्तकाने त्यात जादूगार आणि राक्षस आणले. त्याच घराण्यातला हा वॉरहॅमर. तेव्हा नाना अंगांची सेना ही कल्पना आपल्याला परकी नाही.

आता नियम थोडक्यात सांगतो. दोन्ही खेळाडूंना सारखेच गुण मिळतात. बहुधा ते २,००० असतात. हे गुण म्हणजे जणू खर्चायचे पैसे. प्रत्येक सैनिकाची किंमत ठरलेली असते. चिलखती घोडेस्वार महाग, गॉब्लिन अगदी स्वस्त. २,००० गुणांच्या सेनेत नेहमीच्या सैनिकांच्या निदान तीन तुकड्या असाव्याच लागतात. विशेष प्रकारच्या तुकड्या चारपर्यंत, आणि दुर्मिळ प्रकारच्या दोनच. दोन्ही बाजूंना साधारणपणे सहा-सहा पाळ्या मिळतात. आपल्या पाळीत आधी चाल, मग जादू, मग नेमबाजी आणि शेवटी हातघाई. अंतरे टेपाने इंचांत मोजायची आणि बाकीचे फाशांवर.

भाच्याने आम्हांला माणसांची सेना दिली आणि स्वतः ऑर्क-गॉब्लिन घेतले. "तुम्हीच निवडा, मामा," तो म्हणाला. आम्ही पुस्तक चाळले आणि शिक्षकाच्या सवयीने सर्वांत हुशार विद्यार्थी शोधले. ते म्हणजे चिलखती घोडेस्वार. अंगावर पोलाद, घोड्यावर पोलाद, हातात लांब भाला. त्यांना इतके जाड चिलखत की साध्या घावातून वाचण्यासाठी टाकलेल्या फाशावर एक पडला तरच ते मरतात. एका धावेत चौदा इंच चालून जातात. आम्ही बहुतेक सगळे गुण त्यांच्यावरच खर्च केले. असल्या सेनेपुढे त्या फाटक्या गॉब्लिनांचा काय निभाव लागणार, अशा समजुतीत आम्ही चहा मागविला.

समोर भाच्याची सेना म्हणजे बाजार भरल्यासारखी. मध्ये गॉब्लिनांचा जाड चौकोन, शेजारी ऑर्क, एका बाजूला लांडग्यांवर बसलेले स्वार, दुसऱ्या बाजूला तीन ट्रोल, मागे दगडफेक करणारे यंत्र. कोणाचे कोणाशी जुळत नाही असे आम्हांला दिसले.

दुसऱ्या पाळीत आमची डावी तुकडी पुढे सरकली. एका गॉब्लिन टोळीपासून आठ इंचांच्या आत येताच त्या टोळीतून दोन वेडे बाहेर पडले. साखळीला बांधलेला लोखंडी गोळा गरगर फिरवीत ते कोठेही जातात. आपला-परका हा भेद त्यांना नाही. अशा एका वेड्याची किंमत फक्त २५ गुण. आमचे चार महागडे स्वार त्यांनी आडवे केले.

उजवीकडे आम्ही लांडगेस्वारांवर चाल केली. ते लढलेच नाहीत, पळून गेले. त्यांच्या मागे धावता धावता आमचे स्वार उघड्यावर येऊन थांबले आणि बाजूने ट्रोल येऊन भिडले. ट्रोल शत्रूवर ओकतो, आणि त्या ओकारीपुढे कोणतेही चिलखत चालत नाही, असा नियमच आहे. भाची तोंडावर हात ठेवून हसत होती.

मधल्या लढाईने मात्र आम्ही थक्क झालो. आमचे पाच स्वार गॉब्लिनांच्या पंचवीस जणांच्या चौकोनावर आदळले. तीन गॉब्लिन मारले, आपला एकही गमावला नाही. आम्ही विजयाने वर पाहिले. भाचा शांतपणे हिशेब सांगू लागला. "तुमचे तीन मेले त्याचे तीन, निशाणाचा एक, एकूण चार. माझ्या मागच्या रांगांचे तीन, निशाणाचा एक, संख्या जास्त म्हणून एक, एकूण पाच. मामा, तुम्ही एकाने हरलात." हरलेल्या तुकडीने दोन फासे टाकायचे. आमच्या स्वारांचे धैर्य आठ, त्यातून हरल्याचा एक वजा, राहिले सात. फाशांवर नऊ पडले आणि स्वार पाठ फिरवून पळाले. मागच्या रांगेत नुसते उभे राहिलेले, एकही घाव न घातलेले गॉब्लिन ती लढाई जिंकून गेले.

रात्री जेवताना ताई म्हणाली, "हरलास ना? सगळे सारखेच घेतलेस, म्हणून हरलास." तिच्या रुग्णालयातही म्हणे असेच असते. नुसते मोठे डॉक्टर असून भागत नाही.

पण आमच्या मनात दुसरीच गोष्ट घर करून राहिली. नुसती निरनिराळी माणसे गोळा करून भाचा जिंकला नव्हता. त्याला प्रत्येक टोळीचा स्वभाव पाठ होता. ऑर्क आणि गॉब्लिन भांडखोर. दर पाळीला प्रत्येक टोळीसाठी फासा टाकावा लागतो, आणि एक पडला तर ती टोळी आपसांत भांडत जागीच बसते. म्हणून कोणतेही महत्त्वाचे काम तो एकाच टोळीवर सोपवीत नसे. ट्रोल बलवान, पण मठ्ठ. काय करायचे तेच विसरून जातात, म्हणून सेनापतीला तो त्यांच्यापासून बारा इंचांच्या आत ठेवी. तेवढ्या अंतरात सेनापतीचे धैर्य इतरांना वापरता येते. गॉब्लिन भित्रे, म्हणून त्यांच्या मागे रांगा जास्त. प्रत्येकाचा दोष त्याला ठाऊक होता, आणि त्या दोषासह त्याला कोठे उभे करायचे हेही ठाऊक होते.

आम्ही शाळेत शिकवतो. पूर्वी आपल्याकडे सहावीला सी.पी.ई. परीक्षा असे. २०१६ साली ती शेवटची झाली आणि २०१७ पासून पी.एस.ए.सी. आली. सी.पी.ई.च्या वर्षांत आमच्या वर्गाचा निकाल चांगला लागावा म्हणून आम्ही पहिल्या दोन बाकांवरच्या मुलांवर फार मेहनत घेतली. खोटे कशाला सांगावे? त्या मुलांची नावे, त्यांचे अक्षर, कोणाचा भागाकार चुकतो, हे सर्व आजही आम्हांला आठवते. शेवटच्या बाकावरची नावे मात्र आठवत नाहीत. त्या रात्री परक्या देशात, परक्या अंथरुणावर पडून आम्ही ती आठवण्याचा प्रयत्न केला. तीन आठवली. तेवढीच.

दुसऱ्या दिवशी आम्ही भाच्याला सेना निवडण्याची रीत शिकव म्हणून सांगितले. त्याने जे शिकवले ते थोडक्यात असे.

प्रत्येक सेनेला पाच कामे करावी लागतात. पहिले काम उभे राहण्याचे. त्यासाठी रांगा, निशाण आणि संख्या असलेली मोठी पायदळ तुकडी हवी. ही ऐरण. दुसरे काम घाव घालण्याचे. शत्रू ऐरणीशी गुंतला की बगलेवर आदळणारी तुकडी हवी. हा घण. बगलेवर पुरेशा सैनिकांनी हल्ला केला की शत्रूच्या मागच्या रांगांचा फायदा बुडतो, आणि वर आपल्याला एक गुण जास्त मिळतो. तिसरे काम दुरून मारण्याचे. बंदुका, धनुष्ये, तोफा. यांनी लढाई बहुधा जिंकली जात नाही, पण शत्रूला आपल्याकडे चालून यावे लागते. चौथे काम धावपळीचे. शत्रूला भुलवणे, वाट अडवणे, पळणाऱ्याचा पाठलाग करणे. पाचवे काम जादूचे. स्वतः मोठी जादू करता आली नाही तरी शत्रूची जादू मोडणारा एखादा जवळ असावा.

"आधी कामे लिहायची, मग माणसे शोधायची," असे भाचा म्हणाला. आम्ही नेमके उलटे केले होते.

त्याने आणखी दोन गोष्टी बजावल्या. एक, विविधता म्हणजे सगळ्यांतले एकेक घेणे नव्हे. दहा प्रकारच्या दहा लहान तुकड्या घेतल्या तर एकही आपले काम पुरे करू शकत नाही. दुसरी, पहिल्याच लढाईनंतर सेना बदलू नये. तीच सेना चार-पाच वेळा खेळावी, म्हणजे दोष तुकडीचा की आपला हे कळते. शाळेतील अध्यापनविद्येच्या वर्गात आम्हांला याहून फार वेगळे शिकवले नव्हते, पण ते आम्ही परीक्षेपुरतेच पाठ केले होते.

दुसऱ्या लढाईसाठी आम्ही माणसांची सेना नव्याने बांधली. मध्ये पंचवीस तलवारधारी. माणसांच्या सेनेला एक खास सवलत आहे. मोठ्या तुकडीसोबत तिच्या निम्म्यापर्यंत संख्येच्या लहान उपतुकड्या ठेवता येतात. मोठ्या तुकडीवर हल्ला झाला की शेजारची उपतुकडी लगेच शत्रूच्या बगलेवर धावून जाते. म्हणून आम्ही एका बाजूला दहा बंदूकधारी आणि दुसऱ्या बाजूला लांब दांड्याच्या कुऱ्हाडी घेतलेले दहा जण ठेवले. त्याशिवाय एक तोफ, पिस्तुले घेतलेले पाच चपळ स्वार, दहा धनुर्धारी, एक जादूगार, आणि आमच्या लाडक्या चिलखती स्वारांची एकच तुकडी.

तोफेने आमची फजिती केली. या नियमांत तोफ डागण्यापूर्वी अंतर टेपाने मोजता येत नाही, नजरेनेच सांगावे लागते. आम्ही आयुष्यभर मुलांना सेंटिमीटर शिकवले. चोवीस इंच म्हणजे किती हे डोळ्याला कळेना. पहिला गोळा रिकाम्या टेकडीत शिरला. दुसऱ्या वेळी तोफेच्या खास फाशावर नेमकी बिघाडाची खूण पडली. मेहुणे म्हणाले, "तोफेवर कधी विसंबू नये. ती चालली तर सणाचा दिवस समजावा."

पण त्या गोळे फिरवणाऱ्या वेड्यांचे उत्तर आता आमच्याकडे होते. आम्ही दहा धनुर्धाऱ्यांना पुढे पाठवले. ते आठ इंचांच्या आत जाताच वेडे बाहेर पडले आणि त्यांनी सहा धनुर्धारी मारले. उरलेले चार पळाले. पण वेडे आता मैदानात मोकळे होते. पुढच्या पाळीत एकाच्या दोन्ही फाशांवर सारखे आकडे पडले, आणि नियमाप्रमाणे तो आपल्याच साखळीत गुरफटून मेला. दुसरा उलटा फिरून आपल्याच गॉब्लिनांत घुसला. मग ऑर्क आमच्या तलवारधाऱ्यांवर आले. तलवारधारी हटले नाहीत. कुऱ्हाडवाले बगलेवर धावले, आणि पहिल्या लढाईत आमच्या विरुद्ध झालेला हिशेब या वेळी आमच्या बाजूने झाला. ऑर्क पळाले. ट्रोलांनी आमची उजवी बाजू मात्र मोडली. सहा पाळ्यांनंतर दोघांचे गुण मोजले तेव्हा लढाई बरोबरीत सुटली.

पुतळे खोक्यांत भरताना भाच्याने विचारले, "मामा, ते धनुर्धारी तुम्ही कशासाठी घेतले होते?"

"वेड्यांना बाहेर काढण्यासाठी."

"म्हणजे मरण्यासाठीच ना?"

आम्ही हो म्हणालो. त्याला त्यात काही वावगे वाटले नाही. खेळाचा हिशेबच तसा आहे, आणि आमची चाल योग्य होती. पण येथे खेळ आणि वर्ग यांच्या वाटा वेगळ्या होतात हे आमच्या लक्षात आले. पटावर स्वस्त तुकडी खर्च करता येते, कारण ती पुढच्या रविवारी खोक्यातून पुन्हा उभी राहते. एखाद्या मुलाला इतरांच्या निकालासाठी खर्च केले तर ते वर्ष त्याला परत मिळत नाही. खेळाकडून आपण एवढेच घ्यावे की शेवटच्या रांगेतल्याचाही स्वभाव ओळखावा आणि त्याच्या जोगे काम शोधावे. त्याची किंमत ठरविण्याची रीत घेऊ नये.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. या पुतळ्यांच्या किंमती फार असतात. आपल्या बेटावर टपालाने मागवायचे म्हणजे आणखी खर्च. म्हणून परत आल्यावर आम्ही न्याहारीच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून सेना केल्या. माणूस आणि गॉब्लिन यांना २० मिलिमीटरचा चौकोन, ऑर्कला २५ चा, घोडेस्वाराला २५ रुंद आणि ५० लांब. प्रत्येकावर नाव लिहायचे, रंग मुलांनी भरायचा. टेकडीऐवजी वह्यांचा गठ्ठा. साधे फासे कोणत्याही दुकानात मिळतात. पुठ्ठ्याच्या सेनेला नियम तेच लागतात आणि पराभवही तसाच जिव्हारी लागतो. पाचशे गुणांच्या लहान सेनेपासून सुरुवात केली तर नवशिक्याचा गोंधळ होत नाही.

जानेवारीत शाळा उघडली. आम्ही पहिल्या आठवड्यात वर्गाची यादी घेतली आणि या वर्षी नावे शेवटच्या बाकापासून पाठ करायला सुरुवात केली. एक मुलगा वाचताना अडखळतो, पण कोणाची वही कोणाकडे आहे हे त्याला न पाहता सांगता येते. एक मुलगी पाढे विसरते, पण दोघांचे भांडण तिने मिटवल्याशिवाय मिटत नाही. त्यांना परीक्षेत किती गुण पडतील हे आम्ही सांगू शकत नाही. त्यांची नावे मात्र आता आमच्या लक्षात राहतील.

घरी ओसरीवर रविवारी दुपारी पुठ्ठ्यांची लढाई रंगते. परवा आमच्या धाकट्या मुलीने पहिल्यांदाच स्वतःची सेना निवडली. तिने सगळे चिलखती घोडेस्वार घेतले. तिचा मोठा भाऊ गालातल्या गालात हसला. तो गॉब्लिनांचा चौकोन मांडू लागला होता. तिला सांगावे असे आमच्या अगदी ओठांवर आले होते, पण आम्ही काही बोललो नाही. फासे तिच्या हातात दिले आणि चहा मागविला.